सदनातले शालजोडीतले

2025 च्या जुलैतली गोष्ट. पुण्याहून आमच्याकडे इंदूरला भाचा आला होता. सकाळी पोह्यांवर शेव आणि जिरावण पडलं, पेपर उघडला, आणि समोरच भोपाळच्या विधानसभेच्या आवारातला फोटो. काँग्रेसचे आमदार बीन वाजवताहेत आणि त्यांच्यातलंच कुणीतरी म्हैस झालंय. भाच्यानं पेपर जवळ नेऊन पाहिला, लांब धरून पाहिला. “मावशी, हे आमदार आहेत की कॉलेजचं गॅदरिंग चाललंय?”

त्याचा अर्धा प्रश्न भाषेचा होता. हिंदीत ‘भैंस के आगे बीन बजाना’ अशी म्हण आहे. मराठीत आपण त्याच कामासाठी गाढवापुढे गीता वाचतो. सरकार काही केल्या ऐकत नाही हे दाखवायला विरोधकांनी म्हणच आवारात उभी केली होती. त्याच अधिवेशनात, ओबीसी आरक्षणावरून सरकार रंग बदलतंय असं म्हणत, त्यांनी खेळण्यातले सरडेही आणले होते. इंदूरच्या मराठी माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही, कारण आमच्या दावणीला म्हैस आणि गाढव दोन्ही बांधलेली असतात.

उरलेला अर्धा प्रश्न मात्र खरा होता. जिथे वर्षाचा चार लाख कोटींवरचा अर्थसंकल्प मंजूर होतो, तिथे थट्टामस्करी चालते कशी? कुणाला चालते, आणि कुठे थांबते? नागरिकशास्त्राच्या पुस्तकात विधेयक किती वाचनांनी मंजूर होतं ते असतं. सदन हसतं कधी, हे नसतं.

सुरुवात कागदापासून करू. विधानसभेत बोललेला शब्द न् शब्द टिपला जातो. प्रतिवेदक पाळीपाळीनं येऊन बसतात, काही मिनिटं टिपतात, उठतात, पुढचा येतो. त्यातून कामकाजाची जी प्रत तयार होते ती विधानसभेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. वाचायला लागलं की भाषणांच्या मधे कंसातले शब्द भेटतात. (व्यवधान), म्हणजे मधे आलेला गोंधळ, (मेजों की थपथपाहट), आणि मधूनच एखादी (हंसी). नाटकाच्या संहितेतल्या रंगसूचनाच जणू. महाराष्ट्रात याच जागी (हशा) असतो. मेजांची थपथप म्हणजे आपलं बाकं वाजवणं; सदनात टाळ्या पिटायची रीत नाही, आनंद झाला तरी तो लाकडावरच व्यक्त करायचा.

ही कंसातली हंसी सरकारी दप्तरात कायमची राहते. विनोद कुणी केला, कुणावर केला, त्यावर मंत्री काय म्हणाले, सगळं तारखेसकट. राज्यातल्या दुसऱ्या कुठल्या सरकारी कचेरीत हसण्याची नोंद होते, सांगा. तहसिलीत तर रडण्याचीही होत नाही.

पुढे जाण्याआधी भोपाळचे दोन शब्द. अध्यक्षांच्या खुर्चीला तिकडे ‘आसंदी’ म्हणतात. आणि तिच्यासमोरची मोकळी जागा, जिला मुंबईचे पत्रकार ‘वेल’ म्हणतात, ती भोपाळमध्ये ‘गर्भगृह’. ‘विपक्ष के विधायक गर्भगृह में आए’ हे वाचून भाच्याला वाटलं, कुठल्या तरी देवळात मारामारी झाली.

आता कायदा. आमदार सदनात जे बोलतो त्यासाठी त्याला कोर्टात खेचता येत नाही. घटनेचं 194 वं कलम तसं सांगतं. संसदेसाठी हेच 105 वं कलम करतं. हे संरक्षण किती भक्कम आहे त्याचा निकाल 1970 साली लागला. लोकसभेत काही खासदार पुरीच्या शंकराचार्यांबद्दल असं काही बोलले की त्यांच्या अनुयायांनी नुकसानभरपाईचा दावा ठोकला. सर्वोच्च न्यायालयानं घटनेतल्या एका शब्दावर बोट ठेवलं: सदनात बोललेलं ‘काहीही’. काहीही म्हणजे काहीही, त्यात निवडानिवड नाही. दावा फेटाळला गेला.

पण हे कवच बोलण्याला आहे, हातघाईला नाही. केरळच्या विधानसभेत 2015 साली अर्थसंकल्पाच्या दिवशी आमदारांनी सामानाची मोडतोड केली आणि पुढे विशेषाधिकाराचा, म्हणजे याच कवचाचा, आडोसा घेतला. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो काढून घेतला. खुर्च्या-संगणक फोडणं हे भाषण नव्हे. 2024 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानं आणखी एक दार लावलं. मत द्यायला किंवा बोलायला लाच घेतली असेल तर तिथेही कवच नाही. शिवाय उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या कामकाजातल्या वागणुकीवर विधानसभेत चर्चाच करायची नाही, असं 211 वं कलम सांगतं. एवढं सोडलं तर आमदाराच्या जिभेला कोर्टाचा धाक नाही.

मग ती आवरायची कुणी? सदनानंच. आणि इथे आपली गोष्ट रंगायला लागते.

आसंदीला एखादा शब्द अनुचित वाटला तर अध्यक्ष म्हणतात, “इसे विलोपित कर दें.” शब्द कामकाजातून उडतो. म्हणजे तो बोललाच गेला नाही असं दप्तर मानतं, भले दोनशे जणांनी ऐकलेला असो. हे नुसतं औपचारिक नाही. 1957 मध्ये बिहार विधानसभेत झालेल्या एका भाषणाचा काढून टाकलेला भाग पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ या दैनिकानं छापला. सदनानं संपादकांना विशेषाधिकारभंगाची नोटीस दिली, ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 1958 मध्ये न्यायालयानं सदनाची बाजू उचलून धरली. न बोललेला शब्द छापणं महागात पडतं ते असं.

असे उडवलेले शब्द साठत जातात. मध्य प्रदेश विधानसभेनं त्यांचं पुस्तकच काढलं. 8 ऑगस्ट 2021 ला, अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, तेव्हाचे अध्यक्ष गिरीश गौतम आणि मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांच्या हस्ते त्याचं प्रकाशन झालं. 38 पानं, 1161 शब्द आणि वाक्यं. शिव्यांचा सरकारी कोश असं वाटून कुणी उत्साहानं उघडेल तर त्याची निराशा होईल. ‘चोर’, ‘भ्रष्ट’, ‘निकम्मा’, ‘ढोंगी’ असे नेहमीचे यशस्वी कलाकार आहेतच. पण ‘पप्पू’ही आहे. इंदूरच्या कुठल्याही गल्लीत ‘पप्पू’ अशी हाक मारून पाहा, निदान तिघं तरी मागे वळतील. ‘बंटाढार’, म्हणजे बट्ट्याबोळ करणारा, आहे, तोही ‘मिस्टर’ लावून. 2003 च्या प्रचारात एका मुख्यमंत्र्यांना चिकटलेली ती पदवी. आणि चक्क ‘ससुर’ आहे.

सासरा असंसदीय कसा? मराठीत कुणाला सासरा म्हटलं तर फार तर तो हुंड्याची आठवण काढेल. पण हिंदी पट्ट्यात ‘ससुर’, ‘ससुरा’ हा शेलका शब्द आहे. साला मात्र दोन्ही भाषांत बदनाम. नात्यागोत्यातून शिवी कशी निघते याचा अभ्यास करायचा असेल तर मालव्यात दोन महिने राहावं.

या संग्रहातल्या नोंदी 1954 पासूनच्या आहेत. गंमत अशी की आजचं मध्य प्रदेश जन्मलं 1 नोव्हेंबर 1956 ला. 1954 मध्ये त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, आणि आम्ही इंदूरकर मध्य भारत नावाच्या वेगळ्याच राज्यात होतो. म्हणजे राज्याच्या आधी त्याचे वर्ज्य शब्द जन्माला आले.

पण हे पुस्तक म्हणजे बंदीची यादी नव्हे, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. 2022 च्या जुलैत लोकसभा सचिवालयाची अशीच यादी बाहेर आली. ‘जुमलाजीवी’, ‘बालबुद्धी’ असे शब्द तिच्यात पाहून गदारोळ झाला. अध्यक्ष ओम बिर्लांना सांगावं लागलं की कुठल्याही शब्दावर बंदी नाही. आजवर काय काय काढून टाकलं त्याची ती जंत्री आहे. शब्द गुन्हेगार नसतो, त्याचा वापर असतो. ‘चोरांना पकडा’ हे गृहमंत्र्यांना सांगता येतं. बोट दाखवून सांगितलं की विलोपित.

आता विचार करा. समोरच्याला खोटारडा म्हणायचं नाही, ढोंगी म्हणायचं नाही, आणि बोलायचं तर आहे. अशा वेळी माणूस काय करतो? मराठी माणूस शालजोडीतले देतो. ‘माननीय मंत्र्यांना मिळालेली माहिती वस्तुस्थितीशी जुळत नाही’ हे वाक्य कुठल्याही कोशात सापडणार नाही, पण ऐकणाऱ्याला बरोबर लागतं. पुण्याच्या पाट्या ज्यांनी वाचल्यात त्यांना यात शिकण्यासारखं काही नाही.

दुसरा नियम याहून मजेशीर. सदनात एकमेकांशी थेट बोलायचं नसतं. मंत्र्याला झापायचं असलं तरी तोंड आसंदीकडे: “अध्यक्ष महोदय, मंत्रीजी से पूछ लीजिए...” अध्यक्षांनी काहीच केलेलं नसतं, पण सगळं त्यांच्या कानांवरून जातं. आपल्या एकत्र कुटुंबात सासूबाई हेच करत. लेकी बोले सुने लागे. मधे तिसरं माणूस असलं की राग अर्धा मधेच सांडतो आणि उरलेल्या अर्ध्याला विनोदाचं रूप घ्यावं लागतं. रोज भांडायचं आणि रोज त्याच छपराखाली बसायचं, अशा माणसांना तिसरं माणूस लागतंच. मला विचाराल तर संसदीय पद्धतीतला हा सगळ्यात शहाणा नियम आहे.

शेरोशायरीचं कामही असंच चालतं. 2011 च्या मार्चमध्ये लोकसभेत सुषमा स्वराजांनी पंतप्रधानांवर एक शेर टाकला, आणि कधी आवाज न चढवणाऱ्या मनमोहनसिंगांनी शेरानंच परतफेड केली. सगळं सदन हसलं. दोन वर्षांनी पुन्हा जुगलबंदी झाली. शेराची सोय अशी की बोचरा शब्द आपला नसतो. तो कुणा गेलेल्या शायराचा असतो, आणि त्याला नोटीस पाठवता येत नाही.

अध्यक्षांचं काय? त्यांनी हसायचं की नाही? इंदूरकरांना याचं उत्तर घरचं आहे, कारण आमच्या ताई, सुमित्रा महाजन, 2014 ते 2019 लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. चिपळूणची मुलगी, इंदूरची सून, आठ वेळा खासदार. जानेवारी 2019 मध्ये राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीवरच्या चर्चेत काही सदस्यांनी कागदी विमानं उडवली तेव्हा आसनावर ताईच होत्या. शाळेतल्या बाईंनी मागच्या बाकाकडे पाहावं तसं त्यांनी खडसावलं. आमच्या शेजारचे काका टीव्हीसमोर बसून म्हणाले, “ताई आता पालकांची सही मागून राहिली.” (आमच्याकडे ‘मागतेय’ म्हणत नाहीत, ‘मागून राहिली’ म्हणतात. नागपूरकरांना कळेल, पुण्याच्या भाच्याला समजावावं लागलं.)

अध्यक्षांची निवड झाली की तो दिवस जवळजवळ ठरलेला विनोदाचा. सभागृहाचे नेते आणि विरोधी पक्षनेते नव्या अध्यक्षांना दोन्ही बाजूंनी खुर्चीपर्यंत घेऊन जातात. ही रीत ब्रिटनकडून आलेली. तिथे तर नव्या अध्यक्षाला, तो नको-नको म्हणत असल्यासारखं, ओढत नेतात, कारण जुन्या काळी सदनाचं म्हणणं राजाला सांगायला जाणाऱ्या काही अध्यक्षांना डोकं गमवावं लागलं होतं. आपल्याकडे डोक्याला धोका नाही, त्यामुळे ओढाओढही नाही. भोपाळमध्ये 20 डिसेंबर 2023 ला नरेंद्रसिंह तोमर बिनविरोध अध्यक्ष झाले. अशा दिवशी अभिनंदनाची भाषणं होतात आणि त्यात जो तो गोड बोलून आपापली मागणी सरकवतो: आम्हाला बोलायला वेळ द्या, तिकडेच पाहू नका, इकडेही पाहा. 19 जून 2019 ला ओम बिर्लांच्या अभिनंदनाला उठून रामदास आठवलेंनी ‘रोम’चं यमक ‘ओम’शी जुळवलं ते याच परंपरेत. ती कविता श्रेष्ठ होती असं खुद्द आठवलेही म्हणणार नाहीत, पण पंतप्रधानांपासून विरोधकांपर्यंत सगळे हसले होते.

सदनातला विनोद सदनात उगवत नाही, तो गावाकडून येतो. आमच्याकडे तर त्याचा कारखानाच आहे. उज्जैनला दरवर्षी 1 एप्रिलला टेपा संमेलन भरतं. टेपा म्हणजे माळव्याच्या बोलीत भोळसट, बावळट माणूस. मोठमोठ्या प्रतिष्ठितांना बोलावून त्यांना सन्मानानं टेपा ठरवायचं, असा तो सोहळा. इंदूरला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते आणि त्याच्या आदल्या दिवशी बजरबट्टू संमेलन. बजरबट्टू म्हणजे लहान मुलाला दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तो काळा मणी. त्या संमेलनाच्या मिरवणुकीत इंदूरचे भाजप नेते कैलाश विजयवर्गीय दरवर्षी वेगळं सोंग घेऊन निघतात आणि लोक सोंग पाहायला गर्दी करतात. मंत्री म्हणून असो की नसो, सोंग चुकत नाही. ज्या गावात मोठ्यांनी वर्षातून एकदा स्वतःचं हसं करून घ्यायचं असतं, त्या गावचा आमदार भोपाळला गेला की काय घेऊन जाईल?

भुट्टे घेऊन जातो. ही कोटी नव्हे. विजयवर्गीयांची भुट्टा पार्टी भोपाळच्या राजकारणात प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात मका आला की आमदार, मंत्री, पत्रकार सगळ्यांना बोलवायचं. भाजलेले भुट्टे, आमच्या सराफ्यात मिळतो तसा भुट्ट्याचा कीस, आणि गाणी. ऑगस्ट 2021 मध्ये ही पार्टी विधानसभेच्या आवारातच झाली. ज्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे अशी कुजबूज सतत चालायची ते शिवराजसिंह आणि विजयवर्गीय, दोघांनी हातात हात घालून जुन्या सिनेमातलं दोस्तीचं गाणं म्हटलं. त्याची चित्रफीत देशभर फिरली. होळीच्या सुमारास अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असलं की आमदारांचा फागही, म्हणजे होळीच्या गाण्यांचा कार्यक्रम, रंगतो. तिथे ढोलक कुठल्या पक्षाची, हे कुणी विचारत नाही.

मला हे आवडतं, आणि तरीही त्या ऑगस्टचा आठवडा आठवला की जरा खटकतं. रविवारी वर्ज्य शब्दांचं पुस्तक निघालं. सोमवारी अधिवेशन सुरू झालं, चार दिवसांचं ठरलेलं, आणि गदारोळात दुसऱ्याच दिवशी गुंडाळलं गेलं. मग भुट्टे. म्हणजे काय बोलू नये हे सांगणारी 38 पानं, बोलायला दोन दिवस, आणि गायला एक संध्याकाळ. ज्या सदनात दोन बाजू पुरेशा वेळ समोरासमोर बसतच नाहीत, तिथे कंसात (हंसी) यायची कधी? व्यवधानाला दोन मिनिटं पुरतात. शालजोडीतला द्यायला आधी शाल पांघरून बसावं लागतं.

म्हणूनच मला वाटतं विनोद हळूहळू सदनातून आवारात गेला. म्हैस आणि बीन तिथली. 2025 च्याच मार्चमध्ये नोकऱ्यांच्या प्रश्नावर खोट्या सापांच्या टोपल्या आल्या होत्या. सदनाच्या आत फलक किंवा वस्तू दाखवायला मनाई असते. बाहेर कॅमेरे असतात. 2025 च्या पावसाळी अधिवेशनाआधी आवारातही घोषणा आणि निदर्शनं करू नयेत असा आदेश निघाला, आणि पाठोपाठ सरडे-म्हैस अवतरले. पूर्वी एखादा सदस्य हाच खेळ आत करायचा. गोध्र्याचे खासदार पिलू मोदी सत्तरच्या दशकात गळ्यात ‘मी सीआयएचा (अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेचा) एजंट आहे’ अशी पाटी अडकवून संसदेत आले होते. इंदिरा गांधींचा पक्ष तेव्हा ऊठसूट परकीय हात दाखवत असे. पिलू मोदींनी चर्चा केली नाही, नुसती पाटी लावली. पाटी उतरवायला सांगितलं गेलं, पण तोवर काम झालं होतं. त्यात आणि म्हशीत मला एक फरक दिसतो: पाटी समोर बसलेल्या माणसासाठी होती, म्हैस कॅमेऱ्यासाठी.

विनोदातून कायदा निघाल्याचंही एक उदाहरण आहे. 1967 मध्ये हरियाणाचे आमदार गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. त्यांना परत आणताना हरियाणातले नेते राव बीरेंद्रसिंह म्हणाले, गयाराम आता आयाराम झाले. त्याच वर्षी आमच्या मध्य प्रदेशात गोविंदनारायण सिंह 36 आमदार घेऊन बाहेर पडले आणि द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार कोसळलं. देशभर हेच चाललं होतं, पण त्याला नाव नव्हतं. कोटीनं नाव दिलं. 1985 मध्ये 52 वी घटनादुरुस्ती झाली आणि पक्षांतरबंदी कायदा आला. घटनेत तो ‘दहावी अनुसूची’ आहे. लोकांच्या तोंडी अजून आयाराम-गयारामच. ठोक पक्षांतराची, म्हणजे पुष्कळ आमदारांनी एकदम फुटण्याची, पळवाट कशी निघते ते मात्र अनुसूचीनंच शिकवलं, कोटीनं नाही.

भाच्याला वाटलं, आमदार एकमेकांवर एवढे विनोद करतात, तर आपणही त्यांच्यावर करायला हरकत नसावी. इथे सावध राहायला हवं. 194 वं कलम आतल्याला वाचवतं, बाहेरच्याला नाही. उलट सदनाची अप्रतिष्ठा केली म्हणून बाहेरच्याला शिक्षा करायचा अधिकार सदनाकडे आहे. 1987 मध्ये तमिळ साप्ताहिक ‘आनंद विकटन’नं मुखपृष्ठावर एक व्यंगचित्र छापलं. व्यासपीठावर दोघं बसलेत, यातला आमदार कोण आणि मंत्री कोण? उत्तर साधारण असं: खिसेकापूसारखा दिसतो तो आमदार, दरोडेखोरासारखा दिसतो तो मंत्री. तमिळनाडू विधानसभेनं संपादक एस. बालसुब्रमण्यन यांना तीन महिन्यांचा तुरुंगवास ठोठावला. एवढा आरडाओरडा झाला की दोन-तीन दिवसांत त्यांना सोडावं लागलं. पुढे उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि हजार रुपये भरपाई देवविली. ती त्यांनी खर्च न करता चौकटीत लावून ठेवली, असं सांगतात. हाच विनोद एखाद्या आमदारानं सदनात उठून केला असता तर फार तर विलोपित झाला असता. विशेषाधिकार नेमके काय काय, याची यादी करणारा कायदा आजही नाही, तेव्हा आपण कोपऱ्यावर चहा पिताना हसावं आणि छापताना वकिलाला विचारावं.

आणखी एक गोष्ट कंसातून कळत नाही. (हंसी) किती जणांची, आणि कोण हसलं नाही? 2023 च्या निवडणुकीत मध्य प्रदेशात 230 जागांवर 27 स्त्रिया निवडून आल्या. साडीवरून, चुलीवरून, नवऱ्यावरून केलेल्या विनोदावरही सदन हसतं आणि प्रतिवेदक इमानानं तोच शब्द लिहितो. जुन्या प्रती वाचताना मी अशा जागी थांबते. अशा विनोदाला उलट शालजोडीतला देणारीच भेटली तर पुढच्या ओळीत तिचं वाक्य आणि आणखी एक (हंसी) असते. नसली भेटली तर पुढचा प्रश्न क्रमांक सुरू होतो. लोकसभेत आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांना देणारी 106 वी घटनादुरुस्ती 2023 मध्ये झाली आहे. ती प्रत्यक्षात येईल तेव्हा हे कंस वाचायला मजा येईल.

जाता जाता भाच्याला भोपाळ दाखवायला नेलं. अरेरा टेकडीवरची विधानसभेची इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची. गोल आराखडा, सांचीच्या स्तूपाची आठवण देणारा, 1996 मध्ये पुरी झालेली, 1998 मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळालेली. तिच्या आराखड्यात विधानसभेच्या सभागृहाखेरीज विधान परिषदेसाठीही एक सभागृह आहे. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीनं मध्य प्रदेशाला वरचं सभागृह देऊ केलं, तारीख नंतर जाहीर करू म्हटलं, आणि ती तारीख आजतागायत जाहीर झालेली नाही. त्या परिषदेत गर्भगृहात कुणी उतरलेलं नाही, कागदी विमान उडालेलं नाही, आणि आसंदीला एकही शब्द विलोपित करावा लागलेला नाही.